पगडी, टोपी आणि उघडे डोके : मराठी पुरुषाच्या वेषपालटाची वाङ्मयीन नोंद

१

ज्या विद्यापीठात प्रस्तुत लेखक सध्या अभ्यागत प्राध्यापक आहे, तेथे गेल्या सत्रात भारतीय भाषांतील आत्मचरित्रांचा एक अभ्यासक्रम शिकविला जात होता. मराठी चरित्रग्रंथांतील काही जुनी छायाचित्रे वर्गापुढे ठेवली असता एका बंगाली सहकाऱ्यांनी सहज विचारले, "तुमच्याकडच्या प्रत्येक थोर पुरुषाच्या डोक्यावर काही ना काही आहेच. आमचे विद्यासागर पाहा, उघड्या डोक्याने बसले आहेत. मराठी माणसाने डोके उघडे ठेवले ते केव्हा, आणि का?" प्रश्न विनोदाने विचारला होता, परंतु त्याचे उत्तर तेथल्या तेथे देता आले नाही. प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले आणि बहुधा अपुरे उत्तर आहे.

भारतीय वेषाचा अभ्यास अगदीच झालेला नाही असे नाही. गो. स. घुर्ये यांचा भारतीय वेषभूषेवरील इंग्रजी ग्रंथ १९५१ साली प्रसिद्ध झाला, आणि एमा टार्लो यांनी १९९६ मध्ये गुजरातेतील वस्त्रव्यवहाराच्या निमित्ताने हा विषय पुन्हा मांडला. परंतु वेषाचा इतिहास ही एक गोष्ट आणि वेषाविषयी लोक काय बोलले, काय बोलले नाहीत, याचा इतिहास ही दुसरी गोष्ट. साहित्याच्या अभ्यासकाचे काम दुसऱ्या गोष्टीशी आहे.

गेल्या दीडशे वर्षांत मराठी पुरुषाचा वेष आपादमस्तक बदलला. अंगरखा गेला, बाराबंदी गेली, उपरणे लग्नामुंजीपुरते उरले, धोतराच्या जागी विजार आली, शेंडी व घेरा गेला, पगडी गेली, तिच्या मागून आलेली टोपीही बहुतेकांच्या डोक्यावरून गेली. हे सर्व सारख्याच बोलभांडपणाने घडले नाही. कमरेखालचा बदल जवळजवळ मुक्याने झाला. मानेवरचा बदल मात्र वाद घालीत, थट्टा करीत, शोक करीत, आणि एका मोठ्या समाजाच्या बाबतीत सुटकेचा श्वास टाकीत झाला. याचे कारण असे की मराठी समाजात पुरुषाचे डोके पाहण्यासाठी नव्हते. ते वाचण्यासाठी होते.

२

महाराष्ट्राबाहेरील वाचकांसाठी येथे थोडी शब्दचर्चा करावी लागेल. डोक्यावरच्या वस्त्रांचे मराठीत दोन वर्ग पडतात. पागोटे, मुंडासे, फेटा, पटका, रुमाल ही बांधायची वस्त्रे. सलग कापड घेऊन माणूस ती स्वतःच्या डोक्यावर रोज नव्याने गुंडाळतो. पगडी ही बांधून तयार केलेली असते. ती टोपीसारखी डोक्यावर ठेवायची. म्हणजे तिच्यामागे एक कारागीर असतो, तिला आकार असतो, आणि तो आकार ठरलेला असतो. पुण्याची पगडी निराळी, ग्वाल्हेरची शिंदेशाही निराळी. ब्राह्मणाची, सराफाची, मराठा सरदाराची, माळ्याची, मुसलमान व्यापाऱ्याची डोकी दुरून ओळखू येत. सार्वजनिक ठिकाणी एखाद्याशी किती अंतरावरून, कोणत्या सर्वनामाने आणि कोणत्या स्वरात बोलायचे, हे तोंड उघडण्यापूर्वीच डोक्याकडे पाहून ठरत असे. 'अरे', 'अहो' आणि 'जोहार' यांची व्याकरणाच्या पुस्तकांत न सापडणारी गुरुकिल्ली ती हीच.

या व्यवस्थेत टोपी हे मुळात परक्याचे चिन्ह होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या, अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील 'आज्ञापत्रा'त युरोपीय व्यापाऱ्यांना एकच सामान्य नाव दिलेले आहे : टोपीकर. फिरंगी, इंग्रज, वलंदेज असे भेद लेखकाला पूर्णपणे ठाऊक आहेत, तरी त्या सर्वांना एका दाव्यात बांधण्यासाठी त्याला त्यांचा धर्म आठवला नाही, वर्ण आठवला नाही. डोक्यावरची वस्तू आठवली. या शब्दाच्या दोनशे वर्षांच्या प्रवासाकडे मराठीच्या अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. कारण ज्यांनी 'टोपीकर' म्हणून परक्यांना बाजूला काढले, त्यांचेच नातू-पणतू विसाव्या शतकाच्या प्रारंभी काळ्या, पांढऱ्या, फरच्या, मखमलीच्या टोप्या घालून कचेरीत जाऊ लागले, आणि तो शब्द कोणाच्या लक्षातही न येता निकामी झाला.

भाषेने मात्र जुने डोके सांभाळून ठेवले आहे. आज शेंडी ठेवणारा मराठी पुरुष शोधावा लागतो. पण कोणी कोणाला शेंडी लावल्याशिवाय दिवस जात नाही. निर्धार व्यक्त करताना शेंडी तुटो की पारंबी, असेच आपण म्हणतो. टोपी घालणे म्हणजे फसविणे आणि टोपी फिरविणे म्हणजे पक्ष बदलणे. मुंबईत घर भाड्याने घेताना गुपचूप द्यावयाच्या रकमेला पागडी म्हणत आणि तशा घरांना अजूनही म्हणतात. एका प्रतिष्ठेच्या वस्तूचे हे रूपांतर उद्बोधक आहे. मिशीला पीळ, मिशीवर ताव, हजामत करणे, ही सगळी मानेवरची मिरासदारी. याउलट विजारीने मराठीला शिष्टसंमत असा एकही वाक्प्रचार दिलेला नाही. (चड्डीने अलीकडच्या बोलीला काही दिले आहे, परंतु त्याची चर्चा या पृष्ठांना शोभणार नाही.)

विजारीसंबंधी दोन शब्द येथेच सांगून तो विषय संपवू. विजार, इजार, पायजमा, तुमान, पाटलोण, लेंगा, पँट : शब्द भरपूर आहेत आणि त्यांतले बहुतेक बाहेरून आलेले आहेत. सैन्यातल्या, दरबारातल्या आणि घोड्यावर बसणाऱ्या मराठ्यांना शिवलेली विजार इंग्रजांच्या आधीपासून परिचित होती. म्हणून ती कचेरीत आणि महाविद्यालयात आली तेव्हा अपरिचित वस्तू म्हणून आली नाही. शिवलेले वस्त्र सोवळ्यात चालत नसे, एवढाच तिच्यावरचा आक्षेप, आणि त्यावर तोडगा सोपा होता : घरी आल्यावर ती काढून ठेवायची. पूजेच्या वेळी मुकटा, जेवताना पंचा, बाहेर विजार. बदलाशी अशी वेळापत्रकाने तडजोड करता आली, की वाद निर्माण होत नाही. डोक्याच्या बाबतीत अशी तडजोड शक्य नव्हती. राखलेले केस घरी आल्यावर खुंटीला टांगता येत नाहीत.

३

लेखकाच्या गावच्या घरी ओसरीवर एका ओळीत तीन तसबिरी आहेत. पहिली पणजोबांची : पगडी, अंगरखा, खांद्यावर घडी केलेले उपरणे, पायात लाल पुणेरी जोडा, नजर कॅमेऱ्याच्या थोडी वर. दुसरी आजोबांची, साधारण १९४५ च्या सुमाराची : काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, खाली धोतर. ते प्राथमिक शिक्षक होते. तिसरी वडिलांची, १९७६ मधली : टेरिकॉटचा बुशशर्ट, रुंद पायांची विजार, तेल लावून मागे वळविलेले केस, डोके उघडे. चौथी तसबीर लेखकाची व्हायची होती. परंतु आता तसबिरी भिंतीवर लावण्याची रीतच राहिली नाही.

तिसऱ्या तसबिरीवर आजीचा अखेरपर्यंत आक्षेप होता. "फोटोपुरती तरी टोपी घालायची होतीस रे," असे ती वडिलांना म्हणे. आम्हां मुलांना तो जुन्या बाईचा हट्ट वाटे. पुढे त्यातली वेदना ध्यानात आली. तिच्या पिढीच्या दृष्टीने पुरुषाचे डोके उघडे पडण्याचा प्रसंग एकच : घरात मृत्यू झाला म्हणजे. प्रेतयात्रेत पुरुष उघड्या डोक्याने चालत. आणि स्त्रीच्या बाबतीत 'बोडकी' हा शब्द कोणासाठी वापरला जाई, हे मराठी वाचकाला सांगावयास नको. आगरकरांपासून पुढे चार पिढ्यांनी विधवेच्या केशवपनाविषयी जे लिहिले, त्याच्या शेजारी पुरुषाच्या उघड्या डोक्याविषयीची ही भीती ठेवून पाहिली पाहिजे. एकाच शब्दाने दोघांचे अमंगल सांगितले जात होते. फरक इतकाच की पुरुषाचे बोडकेपण तेराव्या दिवशी संपे.

आगरकरांचा येथे आणखी एका कारणाने उल्लेख करावासा वाटतो. स्त्रियांनी जाकिटे घातली पाहिजेत असे प्रतिपादन करणारा त्यांचा निबंध प्रसिद्ध आहे. वेष हा रूढीचा नव्हे तर सोयीचा आणि आरोग्याचा प्रश्न आहे, ही त्यांची भूमिका त्या काळी किती धाडसाची होती हे आपण जाणतो. विद्यार्थिदशेत त्यांच्यापाशी एकच सदरा होता आणि तो ते रात्री धुऊन सकाळी घालीत, ही आख्यायिकाही मराठी घराघरांत सांगितली जाते. पण एकोणिसाव्या शतकातील आमच्या सुधारकांची छायाचित्रे पाहिली तर एक विसंगती नजरेतून सुटत नाही. त्यांनी बायकांच्या पेहरावात, विवाहाच्या वयात, आहारात बदल सुचविले. स्वतःच्या डोक्यावरची पगडी मात्र त्यांनी सहसा काढली नाही. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांचे कितीही मतभेद असोत, दोघांच्या डोक्यांनी आपला एकोपा सोडलेला दिसत नाही. हा दोष म्हणून सांगत नाही. लोकांनी ऐकावे यासाठी बोलणाऱ्याला आधी वाचता आले पाहिजे, हे त्या पिढीला ठाऊक होते.

४

बंगाली सहकाऱ्यांच्या प्रश्नाकडे वळू. बंगालमध्ये कचेरीत जाताना शामला बांधणारे गृहस्थ होते. परंतु घरी-दारी बंगाली भद्रलोकांचे डोके उघडेच असे. त्यामुळे तेथे वेषाचा झगडा डोक्याभोवती न होता दुसरीकडे झाला. १८७४ साली विद्यासागर साध्या देशी चपला घालून कलकत्त्याच्या संग्रहालयात व एशियाटिक सोसायटीच्या वास्तूत जाऊ लागले तेव्हा त्यांना दारात अडविण्यात आले. बूट घातलेल्याला प्रवेश, चपला घातलेल्याला मज्जाव. इंग्रज आदर दाखविण्यासाठी डोके उघडे करतो आणि पाय झाकून ठेवतो. आपण पाय उघडे करतो आणि डोके झाकून ठेवतो. दोन संस्कृतींच्या सभ्यता अशा एकमेकींवर उलट्या ठेवल्या गेल्या की कुठेतरी ठिणगी पडणारच. बंगालमध्ये ती पायाशी पडली. गांधीजींच्या आत्मकथेत ती डोक्याशी पडते : १८९३ मध्ये डर्बनच्या न्यायालयात त्यांना पगडी काढायला सांगण्यात आले आणि ते न काढता बाहेर पडले.

रवींद्रनाथांच्या 'जीवनस्मृती'त (१९१२) या विषयावरचे एक निर्मळ विनोदाचे प्रकरण आहे. थोरले बंधू ज्योतिरिंद्रनाथ यांना सर्व भारताला चालेल असा एक राष्ट्रीय पोशाख शोधून काढण्याचा ध्यास लागला होता. धोतर कामाला गैरसोयीचे आणि विजार परकी, म्हणून त्यांनी विजारीलाच धोतरासारखा खोटा काचा जोडला. डोक्यासाठी सोला हॅट आणि पगडी यांचा संकर केला. आणि ते भर दुपारी तो वेष करून निघाले. देशासाठी प्राण देणारे वीर पुष्कळ सापडतील, पण देशासाठी असला पोशाख करून भररस्त्यातून जाणारे फार थोडे, अशा अर्थाचा शेरा रवींद्रनाथ मारतात. मराठीत या तोडीचा प्रसंग का नाही, याचा विचार करताना असे वाटते की आमच्याकडे असा संकर प्रयोगशाळेत करावा लागलाच नाही. तो रस्त्यावर आपोआप झाला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मराठी कारकून, शिक्षक, वकील हा वर टोपी, मध्ये विलायती कापाचा कोट आणि खाली धोतर अशा त्रिखंडी वेषात दिसतो, आणि त्यात हसण्यासारखे काही आहे असे त्याला स्वतःला वाटत नाही. पुढे चिं. वि. जोशी आणि पु. ल. देशपांडे यांच्या पिढ्यांनी त्या मध्यमवर्गीयाला हसून घेतले खरे. पण ते हसणे घरातल्या माणसाला हसणे आहे.

घरातल्या माणसाला, हे महत्त्वाचे. येथवर ज्या साहित्याचा उल्लेख आला ते बहुशः एका वर्गाचे साहित्य आहे. पगडी गेल्याचा हळवेपणा ज्यांच्याकडे पगडी होती त्यांचा आहे. लेखकाच्या ओसरीवर तीन तसबिरी आहेत. ज्या गड्याने आमची शेती तीन पिढ्या केली त्याच्या घरी त्या काळातली एकही नसावी, असे लेखक कितीतरी वर्षे गृहीत धरून चालला होता. त्या गृहीताकडे शेवटी येऊ.

५

महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) मध्ये कुणब्याच्या घरादाराचे व त्याच्या अंगावरच्या वस्त्रांचे जे वर्णन केले, त्यापूर्वी मराठी गद्यात शेतकऱ्याच्या वेषाला फारसे स्थान नव्हते. मार्च १८८८ मध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ झालेल्या समारंभाला जोतीराव मुद्दाम शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि जमलेल्या भरजरी लोकांवरून या देशाची परीक्षा करू नका असे त्यांनी पाहुण्यांना सुनावले, असे चरित्रकार सांगतात. येथे वेष हा युक्तिवाद झाला आहे. एरवी नीटनेटके पागोटे आणि उपरणे वापरणाऱ्या, बांधकामाची कंत्राटे घेणाऱ्या या गृहस्थाने दुसऱ्याचा वेष एका संध्याकाळपुरता उचलला. ज्यांचे डोके वाचले जाई पण ज्यांचे म्हणणे वाचले जात नसे, त्यांच्या वतीने.

मात्र या संपूर्ण विषयाचा गाभा ज्या पानांत आहे ती पाने मराठी माणसाने लिहिलेली असूनही मराठीत लिहिलेली नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३० नंतरच्या दशकात काही आठवणी इंग्रजीत लिहून ठेवल्या. त्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाल्या. पहिली आठवण १९०१ सालची आहे. वडील सातारा जिल्ह्यातील गोरेगावला नोकरीस होते. त्यांना भेटायला दहा-एक वर्षांचा भीमराव, त्याचा थोरला भाऊ आणि भाचा असे निघाले. प्रवासासाठी मुलांना नवे कपडे केले होते. त्या कपड्यांची यादी लेखकाने तीस-पस्तीस वर्षांनंतर विसर न पडता दिली आहे : विलायती धर्तीचे सदरे, झगमगत्या जरीच्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे. मसूर स्थानकावर मुले उतरली. न्यायला कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तर आपुलकीने जवळ आला, चौकशी करू लागला. मुलांच्या वेषावरून आणि बोलण्यावरून ती अस्पृश्यांची असतील असे कोणालाही वाटले नसते, असे आंबेडकर स्वतः नमूद करतात. मग त्याने जात विचारली आणि मुलाने विचार न करता खरे उत्तर दिले. स्टेशनमास्तरचा चेहरा पालटला आणि तो मागे सरला. त्यानंतरचा प्रवास, गाडीवाल्यांचा नकार, दुप्पट भाडे, रात्रभराची तहान, हे सर्व अभ्यासकांना परिचित आहे.

वेषाच्या दृष्टीने हा प्रसंग पुन्हा वाचावा. वर टोपी, मध्ये विलायती सदरा, खाली धोतर : ज्या त्रिखंडी वेषाचा वर उल्लेख केला तो तंतोतंत हाच. पगडी-पागोट्याच्या जमान्यात ही मुले स्थानकाच्या फलाटावर पाऊल टाकताच वाचली गेली असती. टोपीने ते वाचन काही मिनिटे थांबविले. ज्यांचे डोके वाचले जाण्यात मान होता, त्यांना टोपीने गरीब केले. ज्यांचे डोके वाचले जाण्यात अपमान होता, त्यांना तिने थोडी उसंत दिली. ती उसंत अपुरी होती, कारण वेष अबोल झाला तरी प्रश्न विचारता येत होता. तरीही मराठी मध्यमवर्गाच्या आठवणींतील 'गेली ती पगडी' हा उसासा आणि मसूरच्या फलाटावरची ती काही मिनिटे, या एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत, हे आपल्या वाङ्मयेतिहासाने अद्याप एकत्र मांडलेले नाही.

वेष बदलणे हे किती गंभीर मानले जाई, याचा पुरावा 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' (१९३६) मध्ये आहे. इंदूर भागातील काही गावांच्या सवर्णांनी बलाई जातीवर लादलेल्या नियमांची १९२८ च्या जानेवारीतील एक बातमी आंबेडकर उद्धृत करतात. पहिला नियम : सोनेरी काठाची पगडी घालू नये. दुसरा : रंगीत वा नक्षीदार काठाची धोतरे नेसू नयेत. पाणी, मंदिर, जमीन हे विषय त्यांच्या नंतर येतात, सुरुवात डोक्यापासून. आणि हे घडले ते होळकरांच्या, म्हणजे एका मराठी घराण्याच्या राज्यात. त्याच इंदूरच्या पार्श्वभूमीवर पु. लं.नी 'तुझे आहे तुजपाशी' (१९५७) मध्ये शौकीन काकाजी आणि व्रतस्थ आचार्य यांना समोरासमोर उभे केले. ते नाटक आम्हां सर्वांचे लाडके आहे. भोग आणि त्याग यांचा तो सुरेख झगडा आहे. पण त्यात वेषाची निवड करणारे दोघेही निवड करण्यास मोकळे आहेत, ही गोष्ट बलाईंचे नियम वाचल्यानंतर विसरता येत नाही.

त्याग करण्यासाठीही आधी काहीतरी अंगावर असावे लागते. गांधीजींनी २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराईत पंचा स्वीकारला. ज्यांना पुरेसे वस्त्र मिळत नाही त्यांच्याशी नाते जोडणारी ती कृती होती, आणि तिचा प्रभाव महाराष्ट्रातही खोल झाला. परंतु ज्या समाजाला मयताच्या अंगावरचे कापड हा गावकीचा 'हक्क' म्हणून मिळत असे, त्याला उघड्या अंगाचे व्रत काय शिकविणार? चांडाळाने प्रेताची वस्त्रे वापरावीत हा मनुस्मृतीचा दंडक महाराष्ट्राच्या खेड्यात विसाव्या शतकापर्यंत बलुत्याच्या रूपात जिवंत होता. म्हणून आंबेडकरांचा पूर्ण सूट हा विलायतेचा सोस नव्हे. गावोगावच्या पुतळ्यांनी त्याला निळा रंग देऊन कायम केले, तेव्हा त्यांनी त्या सुटाचा अर्थ विद्वानांपेक्षा लवकर ओळखला. 'बलुतं' (१९७८) पासून पुढे आलेल्या दलित आत्मकथनांत वस्त्राचा प्रश्न पुन्हापुन्हा येतो, तो हौशीच्या अंगाने नव्हे. शाळेत जाताना अंगावर काय होते आणि ते कोणाकडून आले होते, या अंगाने. गावच्या न्हाव्याने आपले केस कापले नाहीत, हेही त्यातच येते. सवर्ण पुरुषाच्या बाबतीत घेरा की केस हा मतस्वातंत्र्याचा प्रश्न होता. येथे मुळात वस्तरा लागणार की नाही, हा प्रश्न होता.

गांधीटोपीविषयी थोडे. ती १९२० च्या सुमारास रूढ झाली. गांधीजींच्या या टोपीमागे काश्मिरी टोपीची धाटणी होती आणि थोडे कापड, धुण्यास सोपी, घडी करून खिशात मावणारी, असे त्यांचे हिशेब होते, ही माहिती काका कालेलकरांनी नोंदविली आहे. जन्माने मराठी असून गुजरातीचे लेखक झालेल्या माणसाने ती नोंदवावी, हे योग्यच. एका पागोट्याच्या कापडात कितीतरी डोकी झाकता येतात, हा तो हिशेब होता. आणि तो जातीपेक्षा मोठा होता : एकाच आकाराचे वस्त्र ब्राह्मणाच्या, कुणब्याच्या आणि व्यापाऱ्याच्या डोक्यावर महाराष्ट्रात प्रथमच बसले. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला तेव्हा ही टोपी घालणे हेच धोक्याचे झाले. पुढे मात्र डोके पुन्हा वाचले जाऊ लागले. जात वाचण्याऐवजी पक्ष. पांढरी टोपी काँग्रेसची, काळी हिंदुत्वाची, लाल समाजवाद्यांची. स्वातंत्र्यानंतर शहरी पुरुषाने टोपीच काढून ठेवली, ती काही अंशी या वाचनाला कंटाळून, असे म्हणावयास जागा आहे. शहराने टाकलेली पांढरी टोपी शेतकऱ्याने, वारकऱ्याने आणि मुंबईच्या डबेवाल्याने ठेवून घेतली. २०११ च्या ऑगस्टमध्ये अण्णा हजारे यांच्याबरोबर ती दिल्लीत परत गेली, तेव्हा तेथील तरुणांनी ती नवी वस्तू म्हणून घातली.

पगडीचे म्हणाल तर तिचेही पुनरागमन झाले आहे. पुणेरी पगडीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली. जे रोज घातले जात नाही त्यालाच असे संरक्षण लागते. सत्कारांत, पदवीदानांत ती पाहुण्यांच्या डोक्यावर ठेवली जाऊ लागली. जून २०१८ मध्ये पुण्यातील जाहीर सभेत शरद पवारांनी यापुढे सत्कारासाठी पुणेरी नव्हे, फुले पगडी वापरावी असे सांगितले, आणि पुढल्याच वर्षी पुण्याच्या विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात कोणती पगडी यावरून वाद झाला. बाहेरच्यांना ही नसती उठाठेव वाटली. या लेखाच्या वाचकाला ती तशी वाटणार नाही.

आता त्या गृहीताविषयी. या लेखाच्या तयारीसाठी लेखक गेल्या उन्हाळ्यात गावी गेला आणि जुनी छायाचित्रे पाहण्यासाठी घरोघर हिंडला. ज्यांना आम्ही लहानपणी नुसते नावाने हाक मारीत असू (आज त्याची लाज वाटते) त्या आमच्या गड्याचे नातू आता माध्यमिक शाळेत मुख्याध्यापक आहेत. त्यांच्या दिवाणखान्यात आजोबांची तसबीर होती. १९५० नंतर केव्हातरी तालुक्याच्या गावी काढलेली : डोक्यावर मुंडासे, आणि अंगात बंद गळ्याचा कोट. सर म्हणाले, "कोट आजोबांचा नव्हे. फोटोवाल्याकडे खुंटीला एक कोट असायचा, फोटो काढणाऱ्यानं तो चढवायचा." कोटाचे वरून तिसरे बटण इतरांहून मोठे, वेगळ्या रंगाचे आहे. तोच कोट आणि तेच बटण गावातल्या आणखी दोन घरांत सापडले. एक घर शिंप्याचे, एक कोष्ट्याचे.

घरी परतल्यावर ओसरीवरची दुसरी तसबीर खाली काढून पाहिली. आजोबांच्या कोटाचेही तिसरे बटण मोठे आहे. आत्याला विचारले, तेव्हा ती म्हणाली की तिच्या वडिलांनी जन्मात कोट शिवला नव्हता.